डोळ्यांपुढचं जाळं आणि भिंतीवरचं कॅलेंडर

गेल्या पावसाळ्यात पांढऱ्या भिंतीकडे बघताना डोळ्यांपुढे जाळं तरंगलं आणि माझी झोपच उडाली. आजीला काचबिंदू होता (बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून नजर हळूहळू जाते, तो आजार), त्यामुळे शंकेला खतपाणी आयतंच. एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तिथी वाचायच्या, दिवसातून वीस-वीस वेळा. बायको म्हणाली, "अहो, त्या कॅलेंडरलाच दृष्ट लागेल."

शेवटी डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याचा मागचा पडदा पाहिला, डोळ्यातला दाब मोजला. 15 निघाला, साधारणपणे 10 ते 21 ठीक धरतात. जाळं म्हणजे डोळ्यातल्या जेलीतल्या धाग्यांची पडद्यावर पडणारी सावली.

दिलासा जेमतेम दोन दिवस टिकला! खरा फरक पडला तो घरची तपासणी बंद केल्यावर. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं: अचानक ठिपक्यांचा पाऊस, वीज चमकल्याचा भास, कडेने सरकणारा काळा पडदा. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी डोळा झाकायचा नाही, मोबाईलवर शोधायचं नाही. पहिले आठ दिवस हात नुसते शिवशिवत होते.

कागद फ्रिजवर चिकटवलाय. आभाळाकडे पाहिलं की जाळं अजून दिसतं. आजीमुळे दाब मात्र दरवर्षी मोजून घेणार.