धार्मिक समुदायाचा अभ्यास करायचाय? प्रश्नावली आधी बाजूला ठेवा

धर्म आणि समाजबदल या विषयावर काम करायचं म्हटलं की माझे विद्यार्थी प्रश्नावली घेऊनच येतात. ‘तुम्ही महिन्यातून किती वेळा प्रार्थनेला जाता?’ वगैरे. ती मी आधी बाजूला ठेवायला सांगते. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. पण आपण कसं वागायला हवं, तेच आधी तोंडी येतं. अमेरिकेत १९९३ साली हॅडवे, मार्लर आणि शेव्हझ या संशोधकांनी चर्चमधली प्रत्यक्ष हजेरी लोकांच्या सांगण्याशी ताडून पाहिली, तर ती सांगितल्याच्या साधारण निम्मीच निघाली.

म्हणून आधी जाऊन बसा. एकच समुदाय निवडा, रीतसर परवानगी घ्या, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सगळ्यांना सांगा. चोरून केलेलं टिपण वापरू नका, यात मी तडजोड करत नाही. मोठा उत्सव सुरुवातीला नको; नेहमीची साधी सभा बरी.

सभेच्या बरंच आधी पोहोचा आणि संपल्यावर लगेच उठू नका. किल्ली कुणाकडे असते? पुढे कोण बसतं, दारापाशी कोण उभं राहतं? खुर्च्या कोण आवरतं? दानपेटी उघडल्यावर पैसे कोण मोजतं, वहीवर सही कुणाची? बसण्याचा साधा नकाशा काढा. मग प्रत्येक कामाबद्दल एवढंच विचारा: ‘पूर्वी हे कोण करायचं?’ ‘काही बदललंय का?’ असं विचारलंत तर ‘छे, सगळं तसंच आहे’ हेच ऐकायला मिळेल. पण झाडलोट करणाऱ्या आजी सहज बोलून जातात की पैशांच्या टेबलापाशी बायकांना कुणी फिरकू देत नसे, आता त्यांची सूनच हिशेब लिहिते. शिकवणुकीतला एक शब्दही न बदलता समुदाय बदललेला असतो. ही टिपणं त्याच रात्री सविस्तर लिहून काढा. सकाळपर्यंत बोलण्याचे नेमके शब्द निसटतात.

सिद्धांत यानंतर. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये मांडलं की पवित्र मानलेल्या गोष्टींभोवती जमून समूह स्वतःलाच बांधून घेतो. बसण्याचा तो नकाशा समोर ठेवून हे वाचा. दुसरा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर विचारतो की प्रभावी संस्थापक गेल्यावर त्याचा अधिकार कुठे जातो. तो पदांत, नियमांत, हिशेबाच्या वह्यांत मुरतो. किल्लीचा प्रश्न इथे कामी येतो. कार्ल मार्क्सचं ‘धर्म ही लोकांची अफू आहे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण १८४४ च्या त्याच परिच्छेदात, त्याच्या जरा आधी, तो धार्मिक दुःखाला खऱ्या दुःखाची अभिव्यक्ती आणि त्याविरुद्धचा निषेधही म्हणतो. तेवढं गाळून मार्क्स वापरू नका.

‘आधुनिकता आली की धर्म ओसरतो’ हा निष्कर्ष आधीच ठरवून जाऊ नका. १९६० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर तसंच मानत होता. १९९९ मध्ये त्यानेच ते मत चुकीचं ठरल्याचं लिहिलं.

आणि जे यायचे थांबले, त्यांना जरूर शोधा. ‘का सोडलंत?’ असं थेट विचारू नका, माणूस बचावाला उतरतो. शेवटचं कधी गेला होता, त्या दिवशी काय झालं, नंतर कुणी चौकशी केली का, हे विचारा आणि त्यांना सावकाश बोलू द्या.