जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये कसं आणायचं

चवथीच्या आठेक दिवस आधी एका देवस्थानचे सेक्रेटरी पेनड्राईव्ह घेऊन फोंड्याला माझ्या डीटीपीच्या दुकानात आले. महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या सभासदांची, यादी होती त्यात, पंचवीसेक पानं, वर्षानुवर्षं तीच फाईल थोडी थोडी दुरुस्त करून वापरत होते, आणि आता ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवीन लॅपटॉप घेतला तर त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. "व्हायरस लागला काय बघा हो" म्हणाले. व्हायरस वगैरे काही नव्हता. फाईल धडधाकट होती, फक्त तिच्या आत मराठी कधी नव्हतंच.

हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावर आहे. कृतीदेव, श्रीलिपी, आयएसएम या सॉफ्टवेअरचा सुरेख असले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवतात. कृतीदेवमध्ये 'कमल' टाईप केलं की फाईलीत साठतं ते इंग्रजी डी, ई, वाय. फॉन्ट मशीनवर आहे तोवर डोळ्याला कमल दिसतं, फॉन्ट गेला की डी ई वाय उरतं. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा नंबर आहे, ०९१५, तो मोबाईलवर, लॅपटॉपवर, कुठल्याही देशात 'क'च राहतो. आणि आपल्याकडे कोकणी पण देवनागरीत लिहितात, तिथंही हाच 'क', त्यामुळे एकदा हे शिकलात की दोन्ही भाषांचं काम होतं.

आपली फाईल कुठल्या जातीची ते ओळखायला एक सोपी परीक्षा. दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, काही करायची गरज नाही. इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट. मग वर्डमध्ये परत जाऊन त्या ओळीवर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव काय आहे ते कागदावर अगदी जसंच्या तसं लिहून घ्या, आकड्यासकट. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथं दिसतं. हे नाव महत्त्वाचं, कारण कृतीदेवचा कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड करून देणारा प्रोग्रॅम) सुरेखला चालत नाही आणि सुरेखचा श्रीलिपीला चालत नाही, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. लोक इथंच चुकतात, मिळेल तो कन्व्हर्टर लावतात आणि मग म्हणतात हे काय कामाचं नाही.

काम सुरू करण्याआधी मूळ फाईलीची कॉपी काढा आणि मूळ फाईल बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर त्याच्यावरून आणखी दोन गोष्टी आजच करा. एक म्हणजे कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून तो फॉन्ट पेनड्राईव्हवर घ्या, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक फाईलीची पीडीएफ काढा. त्या पीडीएफमध्ये शोधता येणार नाही, कॉपी केलं तर पुन्हा कचराच येईल, पण डोळ्याला बरोबर दिसेल आणि नंतर ताडून बघायला तीच लागते. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवा आणि करंट सारखा येतो जातो, जुन्या हार्ड डिस्कचा मी तरी आता भरवसा धरत नाही.

आता कन्व्हर्टर. श्रीलिपीच्या नव्या आवृत्तीत आणि आयएसएममध्ये युनिकोड करायची सोय असते, लायसन असेल तर पहिल्यांदा तीच वापरा, घरचा फॉन्ट घरच्यालाच नीट कळतो. नसेल तर नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत, एका बाजूला जुना मजकूर पेस्ट करायचा, दुसऱ्या बाजूला युनिकोड येतो. पण महाजनांची यादी, सभासदांचे पत्ते, फोन नंबर असलं काही असेल तर कुठल्या तरी अनोळखी साईटवर ते टाकायचं नाही, लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती. यावर मी असं करतो, पान उघडायचं, मग वायफाय बंद करायचं, आणि मग पेस्ट करून बटण दाबायचं. तरीही कन्व्हर्ट झालं तर काम आपल्याच मशीनवर होतंय. निकाल कॉपी करून घ्या, तो टॅब बंद करा, आणि त्यानंतरच नेट चालू करा. नेट बंद केल्यावर चाललंच नाही तर तो कन्व्हर्टर असल्या यादीसाठी वापरू नका.

पूर्ण फाईल एकदम टाकायची घाई नको, आधी चाचणीचे शब्द टाका. जुन्या फॉन्टमध्ये जे डोळ्याला आधी दिसतं ते आधी साठतं, म्हणजे 'कि'मध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, आणि 'कर्म'मध्ये क, म, आणि रफार शेवटी. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं, क मग वेलांटी, क मग र्, मग म. कन्व्हर्टर घसरतो तो बहुतेक याच जागी. म्हणून मी आपल्याच गावा-तालुक्यांची नावं टाकून बघतो: डिचोली, म्हार्दोळ, पर्ये, कुंकळ्ळी, सत्तरी. डिचोलीत वेलांटी, म्हार्दोळमध्ये रफार आणि ळ, पर्येत रफार आणि मात्रा, कुंकळ्ळीत ळ ला ळ जोडलेला. त्यांच्याबरोबर विद्यार्थी, श्रद्धा, हृदय, ज्ञानेश्वर, ॲडव्होकेट, दुसऱ्या हे पण. हे सगळे नीट आले तर कन्व्हर्टर चांगला. एखाददुसरा चुकला तरी चालेल, पण कुठला चुकला ते लिहून ठेवा कारण तो सगळीकडे तसाच चुकणार, मग वर्डमध्ये कंट्रोल एच (शोधून बदलायची सोय) करून एका फटक्यात सगळे सुधारता येतात.

'दुसऱ्या'वर जरा थांबतो कारण ते मराठीचं खास आहे, हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर इथं फार गोंधळ घालतात, काही ठिकाणी 'दुसर्या' करतात म्हणजे य वर रफार येतो. काही वेळा दिसायला बरोबर पण आत वेगळंच असतं, कारण हा आकार दोन तऱ्हांनी करता येतो, एक नुक्त्याच्या ऱ नं, आणि एक साध्या र ला हलंत देऊन पुढं न दिसणारं जोडणीचं चिन्ह टाकून. दिसतं सारखंच, पण एका तऱ्हेनं शोधलं तर दुसरी सापडत नाही. एकच तऱ्हा ठरवा आणि सगळीकडे तीच करा. मी ऱ वापरतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'चं बटण दाबलं की येतो. शंका आली तर वर्डमध्ये अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून अल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी नंबर येतो, ऱ असेल तर ०९३१, आणि परत तेच दाबलं की पुन्हा अक्षर.

मजकुरात मधे मधे खरं इंग्रजी असेल, कंपनीचं नाव किंवा ईमेल, तर कन्व्हर्टर त्याचं पण मराठी करून टाकतो आणि भलतंच काहीतरी तयार होतं. म्हणून आधी कॉपीत कंट्रोल एच उघडा, शोधायच्या रकान्यात काही लिहू नका, फक्त फॉरमॅटमधून इंग्रजी फॉन्ट निवडा, बदलायच्या रकान्यात हायलाईट निवडा, आणि रिप्लेस ऑल. सगळं इंग्रजी पिवळं होतं, नंतर ते हातानं परत टाकायला सोपं जातं.

एक्सेलमध्ये वेगळं. तिथं नाव आणि पत्ता एवढेच कॉलम कन्व्हर्ट करा. वर्गणी आणि फोनच्या आकड्यांना हात लावू नका, जुन्या फॉन्टमध्ये आकडा मराठी दिसत असला तरी आत बहुतेक वेळा इंग्रजीच असतो म्हणून बेरीज होते, तो खरोखरचा मराठी करून बसलात तर बेरीज अडेल. त्या कॉलमला साधा इंग्रजी फॉन्ट लावला की झालं. आणि हो, युनिकोड झाल्यावर नावांची यादी अकारविल्हे लावता येते, आधी ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागायची त्यामुळे कामत कुठं आणि केंकरे कुठं.

फाईलच नाही, फक्त छापील कागद आहे, जत्रेच्या नाटकाची जुनी संहिता किंवा स्मरणिका, तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा, गूगल ड्राईव्हवर एकेक पान टाका आणि ते गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर छान येतो. हस्तलिखिताला मात्र मी अजून टायपिस्टच बसवतो.

छपाईवाल्यांसाठी एवढंच की पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्याची शेवटची आवृत्ती ७ ही २००१ सालची, तिथं हा मजकूर टाकायचा प्रयत्नच करू नका. इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. फॉन्टला मुक्ता, नोटो, शोभिका हे फुकट आहेत आणि चांगले आहेत.

त्या सेक्रेटरींची यादी दोन दिवसांत झाली. ताडायला दोघं बसले होते, एकानं जुन्या प्रिंटवरून वाचायचं, दुसऱ्यानं स्क्रीनवर बघायचं. तुम्हीही असंच करा, आणि वाचायला गावातलाच माणूस घ्या, 'केरकर'चा 'करेकर' झाला तर ते त्यालाच कळेल. झालेल्या फाईलीच्या नावात युनिकोड हा शब्द आणि तारीख घाला, एक कॉपी ड्राईव्हवर, एक पेनड्राईव्हवर कपाटात, आणि जुनी फाईल, तिचा फॉन्ट, पीडीएफ हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये.