अरेथा फ्रँकलिन यांची श्रवणसभा सांगलीत कशी घ्यावी

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत रात्र जागवणाऱ्या श्रोत्यांना सुराची पारख शिकवावी लागत नाही. त्यांच्यापुढे अमेरिकेतील सोल संगीताच्या, म्हणजे चर्चमधील भक्तिगायनातून घडलेल्या लोकप्रिय संगीताच्या, गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे गाणे मांडायचे असेल, तर काय आधी ऐकवावे आणि काय मागे ठेवावे, एवढाच प्रश्न उरतो. सांगलीत अशा तीन सभा घेतल्यानंतर या क्रमाविषयी माझी काही मते पक्की झाली आहेत.

सर्वांत प्रसिद्ध गाण्याने सुरुवात करू नये. अरेथा यांचा जन्म 25 मार्च 1942 रोजी मेम्फिस येथे झाला. त्या वाढल्या मात्र डेट्रॉइटमध्ये, आणि तेथील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन धर्मोपदेशक होते. वडिलांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघत. म्हणून सभेचा आरंभ अशा एखाद्या प्रवचनाच्या तीन-चार मिनिटांच्या अंशाने करावा. बोलता बोलता आवाज चढतो, शब्दांना लय येते आणि समोरची मंडळी हुंकार देऊ लागतात, हे ऐकताच आपल्या श्रोत्यांना निरूपणातून अभंगात शिरणारा कीर्तनकार आठवतो, आणि मग वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. त्याला जोडूनच वयाच्या चौदाव्या वर्षी, 1956 मध्ये, अरेथा यांनी गायलेले चर्चमधील एखादे गाणे लावावे.

त्यानंतर 1960 ते 1966 या काळातील कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एकच घ्यावे. आवाज तोच आहे, परंतु भोवतीचा वाद्यवृंद त्याला मोकळे होऊ देत नाही, एवढे लक्षात आले की पुढे जावे.

खरा वेळ 1967 ला द्यावा. त्या वर्षी जानेवारीत अटलांटिक या ध्वनिमुद्रण कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी अरेथा यांना अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथे नेले आणि पियानोवर बसवले. आपणच वाजवत गाणाऱ्या गायिकेचा श्वास आणि तिची साथ एकाच ठिकाणाहून येतात, हा या वर्षाच्या ध्वनिमुद्रणांचा गाभा आहे. तेथील वादक स्पूनर ओल्डहॅम यांना इलेक्ट्रिक पियानोवर सुचलेल्या एका तुकड्यावर तेथे पहिले गाणे उभे राहिले. त्याच दिवशी वादावादी होऊन काम थांबले आणि उरलेले काम न्यूयॉर्कमध्ये पूर्ण करावे लागले.

येथे हार्मोनियम जवळ असावी. गाणे लावण्यापूर्वी कोमल गांधार आणि शुद्ध गांधार वाजवून दाखवावेत आणि अरेथा यांचा गळा या दोहोंच्या मध्ये कोठे रेंगाळतो, ते ऐकण्यास सांगावे. पियानोच्या पट्ट्या अचल असतात, गळा मात्र त्यांच्या मधल्या जागा शोधतो. किराणा घराण्याचा सूर ऐकत मोठे झालेल्या कानांना ही जागा लगेच सापडते. मात्र रागविस्तार शोधू नये, असे नाट्यसंगीताच्या रसिकांना आधीच सांगावे. येथे एकच शब्द अनेक सुरांवरून ओढला जातो, आणि त्या ओढण्यातच अर्थ असतो.

‘रिस्पेक्ट’ हे गाणे जोडीने ऐकवावे. प्रथम गायक ओटिस रेडिंग यांचे 1965 चे मूळ गाणे लावावे. त्यात घरी परतणारा पुरुष मान मागतो. मग अरेथा यांचे 14 फेब्रुवारी 1967 रोजी मुद्रित झालेले गाणे लावावे, ज्यात तीच मागणी स्त्री करते. त्या शब्दाची अक्षरे एकेक करून सुटी म्हणण्याची कल्पना मूळ गाण्यात नाही. मागे अर्मा आणि कॅरोलिन या बहिणी शाहिराची झील धरावी तशा उभ्या आहेत, पण त्या नुसती ओळ उचलत नाहीत, तर टोकतात, पुढे ढकलतात. दोन्ही गाण्यांचा भावार्थ मराठीत छापून आधीच हाती द्यावा, कारण गाणे चालू असताना बोलणे हा गाण्याचा अपमान आहे.

चरित्रातील दुःखे सांगावीत, पण थोडक्यात. दहा वर्षांच्या होण्याआधीच आई गेली. 1979 मध्ये घरात शिरलेल्या चोरांनी वडिलांवर गोळ्या झाडल्या आणि 1984 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते बेशुद्धावस्थेत होते. या दुःखांमुळेच तसा आवाज घडला, असे निवेदकाने म्हणू नये. तो आवाज रियाजाचा, चर्चचा आणि असामान्य बुद्धीचा होता. 1987 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, अठरा ग्रॅमी पुरस्कार, 16 ऑगस्ट 2018 रोजी डेट्रॉइट येथे निधन, हे तपशील छापील कागदावर असले तरी पुरे.

जागा निवडताना छप्पर पाहावे. आमची दुसरी सभा जुलैत पत्र्याच्या छपराखाली झाली आणि पावसाने मंद सुरुवातीची दोन गाणी पूर्णपणे बुडवली. दोन चांगले स्पीकर श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. लग्नाच्या मांडवातील कर्णे वापरू नयेत.

शेवटासाठी कालक्रम मोडून 1972 कडे यावे. त्या वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री त्यांनी भक्तिगीते गायली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्यातील दहा मिनिटांहून मोठे गायन संपूर्ण ऐकवावे. या कार्यक्रमाचे चित्रीकरणही झाले होते, परंतु चित्र आणि आवाज यांचा मेळ बसवण्यासाठी लागणाऱ्या क्लॅपरच्या (दृश्याच्या आरंभी वाजवायच्या पाटीच्या) खुणा न केल्याने चित्रपट तेव्हा पूर्ण होऊ शकला नाही, आणि पुढे मेळ बसवता आला तरी अरेथा यांच्या हरकतीमुळे तो त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाला नाही. तो उपलब्ध झाल्यास हाच भाग पडद्यावर दाखवावा, कारण साथीला असलेले भक्तिगीतांचे गायक-पियानोवादक जेम्स क्लीव्हलंड स्वतः रडू लागतात, हे त्यात दिसते. आभारप्रदर्शन या गाण्याच्या आधीच करून घ्यावे, आणि गाणे संपल्यावर दिवे लावण्याची घाई करू नये.