लहान विमानात मोटारीसारख्या सोयी कशा बसवाव्यात

शिकागोजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर आम्हा चौघांच्या भागीदारीतले 1975 सालचे सेसना 172 हे चार आसनांचे विमान उभे असते. ते घेतले त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपापली मागणी मांडली होती. एकाला फोनसाठी यूएसबी हवे होते, दुसऱ्याला उन्हाळ्यात गारवा, तिसऱ्याला थंडीत घरबसल्या इंजिन तापवण्याची सोय, आणि मला पाण्याची बाटली ठेवायला धड जागा. मोटारीत या गोष्टींचा कोणी विचारही करत नाही. विमानात मात्र त्यांतली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत वैमानिकाचा परवाना काढून जुने विमान घेणाऱ्या मराठी मंडळींना ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे कळावे, म्हणून आमचा अनुभव येथे मांडत आहे.

विमान मोटारीसारखे असावे ही इच्छा जुनीच आहे. 1940 साली मान्यता मिळालेल्या एर्कूप या छोट्या विमानात रडरचे (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचे) पायाने चालवायचे पेडल नव्हतेच; चाक फिरवले की विमान वळत असे. सेसनाने 172 ला 1963 मध्ये मोटारीसारखी मागची काच दिली आणि 1965 मध्ये फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) हाताने ओढायच्या दांड्याऐवजी विजेवर चालणारे फ्लॅप दिले. आजच्या सायरस एसआर22 या विमानाच्या दाराचे कुलूप रिमोटने उघडते आणि 2024 च्या जी7 आवृत्तीचे इंजिन बटण दाबून सुरू होते. डायमंड डीए40 एनजी या विमानात मर्सिडीझच्या मोटारीतल्या डिझेल इंजिनावरून घडवलेले इंजिन असून त्याला एकच तरफ आहे, त्यामुळे मिक्श्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण) हाताने जुळवण्याची गरजच उरत नाही. गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्यांना डायमंडची विमाने परिचित असतील. ज्यांना नवे विमान परवडते त्यांना या सोयी कारखान्यातूनच मिळतात. पुढचे विवेचन जुने विमान बाळगणाऱ्यांसाठी आहे.

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी आपल्या विमानाच्या वजनाचा कागद समोर घेऊन बसावे. आमच्या विमानाचे कमाल वजन 2300 पौंड, म्हणजे 1043 किलो, आणि रिकामे वजन 649 किलो आहे. उरलेल्या 394 किलोंमधून वापरता येण्याजोग्या 38 गॅलन पेट्रोलचे 103 किलो वजा केले की माणसे आणि सामान यांच्यासाठी 291 किलो राहतात. प्रत्येकी 75 किलोंची चार माणसे बसली तर हिशेब एका पिशवीशिवायच 9 किलोंनी ओलांडला जातो. आसने चार आहेत म्हणून भरलेल्या टाक्यांसह चौघे उडू शकतात, असा अर्थ होत नाही, आणि कायमच्या बसवलेल्या प्रत्येक किलोची किंमत इंधनात किंवा माणसांत मोजावी लागते. कंप्रेसरवर चालणाऱ्या वातानुकूलनाची कल्पना आम्ही एवढ्याच कारणासाठी सोडून दिली.

वजनानंतर विजेकडे वळावे. इंजिनावर वीज तयार करणारा आमचा अल्टरनेटर 60 अँपिअरचा आहे आणि विजेचा भार दाखवणारी व दक्षता घेणारी वेगळी व्यवस्था नसेल, तर सतत चालणारा भार क्षमतेच्या 80 टक्क्यांपेक्षा, म्हणजे 48 अँपिअरपेक्षा, जास्त असू नये, असा दंडक आहे. रात्रीच्या उड्डाणात एकाच वेळी चालू राहणारे सर्व दिवे, रेडिओ आणि पिटो नळीचा (वेग मोजणाऱ्या नळीचा) हीटर यांची बेरीज कागदावर मांडावी आणि उरलेल्या जागेतच नवी सोय बसवावी. दोन जणांनी 60 वॅटचे वेगवान चार्जर एकदम वापरले तर 14 व्होल्टच्या विमानात सुमारे 10 अँपिअर तिथेच खर्च होतात. चार्जरला स्वतंत्र सर्किट ब्रेकर असावा, कारण अल्टरनेटर बंद पडला की मॅग्नेटोमुळे (इंजिनासाठी स्वतंत्रपणे ठिणगी तयार करणाऱ्या यंत्रामुळे) इंजिन चालू राहते, परंतु रेडिओ आणि दिवे केवळ बॅटरीवर येतात, आणि तेव्हा अनावश्यक गोष्टी एका बोटाने तोडता आल्या पाहिजेत.

यूएसबीची आमची पहिली जोडणी फसली. एका कार्यशाळेने मोटारीसाठी बनवलेला स्वस्त चार्जर पॅनेलमागे बसवून दिला आणि घरी परतताना नियंत्रण टॉवरचा आवाज खरखरीत बुडून गेला. विमानाचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये एएम पद्धतीने चालतो आणि चार्जरमधला वेगाने उघडझाप करणारा सर्किटचा भाग नेमका तिथे गोंगाट करू शकतो. तेव्हापासून आम्ही प्रत्येक नवी वस्तू जमिनीवर तपासतो. इंजिन चालू ठेवून स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडायचा, आपल्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक लावायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी चार्जर लावून व काढून कान देऊन ऐकायचे. काही डॅशकॅम जीपीएसच्या संकेतातही अडथळा आणतात, म्हणून त्याच वेळी जीपीएसवरही नजर ठेवावी. विमानासाठी प्रमाणित केलेले चार्जर महाग असतात, परंतु आमच्या मते तो पैसा वाया जात नाही.

फोन चिकटवण्याचे चुंबकी धारक मोटारीत सोयीचे असतात, विमानात ते कधीही आणू नयेत. आमच्या भागीदाराने तसा धारक पॅनेलच्या वरच्या कडेला लावला, तेव्हा काचेच्या मध्यभागी टांगलेले होकायंत्र आमच्या डोळ्यांदेखत वीसेक अंशांनी सरकले. धारक दूर नेला की ते परत आले, जवळ आणला की पुन्हा सरकले. यंत्रणा बंद पडल्यावर शेवटी ज्याचा आधार घ्यायचा ते उपकरण असे चुकत असेल, तर त्या सोयीचा उपयोग काय? टॅबलेटसाठी स्क्रूने आवळणारा धारक घ्यावा आणि तो थंड हवेच्या झोतासमोर लावावा, कारण आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला आहे आणि उन्हात काचेखाली ठेवला तर तो नकाशासह बंद पडतो. बाटली जमिनीवर ठेवू नये. ती घरंगळत रडरच्या पेडलखाली जाते. मी ती आसनाच्या मागच्या कप्प्यात, झाकण घट्ट लावून ठेवतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. मोटारीतली उष्ण हवा इंजिनाला थंड करणाऱ्या पाण्यावर तापते, त्यामुळे तिच्यात धूर मिसळत नाही. बहुतेक लहान विमानांत इंजिन हवेवर थंड होते, म्हणून केबिनमधली ऊब एक्झॉस्टच्या मफलरभोवती गुंडाळलेल्या पत्र्याच्या आवरणातून येते. मफलरला बारीक चीर पडली की कार्बन मोनॉक्साइड त्या उबदार हवेबरोबर केबिनमध्ये शिरतो, आणि त्याला वास नसतो. डोके जड होणे, जांभया, साधी बेरीज चुकणे ही लक्षणे थकव्यासारखी असल्याने वैमानिक त्यांना थकवाच समजतो, आणि उंचीवर ऑक्सिजन आधीच कमी असल्याने परिणाम अधिक होतो. 21 जानेवारी 2019 रोजी इंग्लिश खाडीत कोसळलेल्या पायपर मालिबूमधील फुटबॉलपटू एमिलियानो साला यांच्या रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिनचे (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे) प्रमाण 58 टक्के आढळले, आणि त्या विमानात आवाज करून सावध करणारे उपकरण नव्हते. म्हणून हीटरवर विसंबण्यापूर्वी आवाज करणारे आणि आकडा दाखवणारे उपकरण बसवावे. रंग बदलणारे कार्ड पुरेसे नाही, कारण त्याकडे पाहण्याचे सुचेल तेव्हा उशीर झालेला असतो आणि काही महिन्यांत त्याची संवेदनक्षमताही जाते. वार्षिक तपासणीत मेकॅनिकला मफलर दाबाखाली तपासायला सांगावे आणि शक्यतो स्वतः उभे राहून पाहावे. उपकरण वाजलेच तर हीटर बंद करावा, ताज्या हवेचे झरोके पूर्ण उघडावेत आणि सर्वांत जवळच्या धावपट्टीवर उतरावे. या एका बाबतीत आमच्या गटात कधीही मतभेद झाले नाहीत.

थंडीत इंजिन तापवून घेण्याची सोय आम्हाला सर्वाधिक लाभदायक ठरली. उणे 7 अंशांखाली तेल घट्ट होते, आणि ॲल्युमिनियमचे भाग पोलादापेक्षा जास्त आकुंचन पावत असल्याने सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच इंजिनाची झीज होते. आमच्या इंजिनाच्या तेलाच्या तळभागाला आणि सिलिंडरना तापक लावलेले आहेत आणि हँगरमधला स्विच फोनवरून चालू होतो. आदल्या रात्री स्विच चालू करावा, इंजिनावर जाड आवरण टाकावे, आणि उड्डाण नसेल तेव्हा तो बंद ठेवावा, नाहीतर वर चढलेली वाफ थंड भागांवर जमून गंज धरते. याच ओघात एक सूचना करावीशी वाटते. मोटार दुरून सुरू करता येते, विमान कधीही नाही. किल्ली बंद असली तरी मॅग्नेटोची जमिनीशी जोडणारी तार तुटलेली असेल, तर प्रोपेलर हाताने फिरवताच इंजिन पेटू शकते. प्रोपेलर नेहमीच जिवंत आहे असे समजून त्याच्याजवळ जावे.

उन्हाळ्यात आम्ही बर्फाची पेटी वापरतो. पेटीत बर्फ, त्यावर पंखा आणि नळी, एवढीच तिची रचना आहे. 10 किलो बर्फ वितळताना सुमारे 0.93 किलोवॅट-तास उष्णता शोषतो, म्हणजे जवळपास तासभर एक किलोवॅटचा गारवा मिळतो. विमान जमिनीवर रांगेत उभे असताना आणि चढताना एवढा पुरेसा होतो, कारण पुढे दर 1000 फुटांना हवा सुमारे 2 अंशांनी थंड होत जाते. पेटी मागच्या सामानाच्या जागेत पट्ट्याने बांधावी, तिथल्या 120 पौंडांची मर्यादा पाळावी आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो तो प्रत्येक वेळी मोजावा.

आसनांचे नवे आवरण शिवून घेणार असाल तर मोटारीच्या दुकानातले कापड घेऊ नका. विमानातल्या कापडाची ज्वलनाची चाचणी झालेली असावी लागते आणि तिचा कागद मागून घ्यावा. आवरण काढलेच आहे तर आसनाची रुळांवरची खीळही पाहून घ्यावी. सेसनामध्ये झिजलेल्या रुळांवरून आसन उड्डाणाच्या वेळी मागे घसरल्याचे अपघात झाले असून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) त्याच्या नियमित तपासणीचा आदेश काढलेला आहे. बसल्यावर आसन पुढेमागे जोरात हलवून खीळ बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी थ्रॉटलला हात लावत नाही.

राहता राहिला कागदपत्रांचा भाग. काढता येण्याजोग्या वस्तूंना अमेरिकेत सहसा मंजुरी लागत नाही, मात्र उपकरण उड्डाणाच्या नियमांखाली (आयएफआर) उडताना त्या वस्तूंचा अडथळा होत नाही याची खात्री वैमानिकाने स्वतः करायची असते. विमानाच्या तारांना जोडलेली किंवा पॅनेलमध्ये कापून बसवलेली वस्तू मात्र परवानाधारक मेकॅनिककडूनच बसवून घ्यावी, आणि मोठा बदल असेल तर त्याला सहसा एसटीसी (त्या बदलाला एफएएने दिलेली मान्यता) आणि 337 क्रमांकाचा अर्ज लागतो. भारतात नोंदणी झालेल्या विमानात बदल करायचा असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आणि परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. कोणत्याही देशात असलात तरी नव्या रिकाम्या वजनाची नोंद झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर काढू नये. जुना कागद विमानात राहिला तर पुढच्या उड्डाणाचा हिशेब तुम्ही चुकीच्या आकड्यांवर कराल.