मांसाच्या व्यापारातून सोडवलेल्या कुत्र्यांचं केंद्र: या चुका टाळा

दक्षिण कोरियाच्या संसदेने ९ जानेवारी २०२४ रोजी कुत्र्याच्या मांसाचा व्यापार थांबवणारा कायदा २०८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. मांसासाठी कुत्रे पाळणं, मारणं आणि विकणं गुन्हा ठरलं. खाणाऱ्याला मात्र कायद्याने हात लावलेला नाही. धंदा गुंडाळायला फेब्रुवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली. २०२४ मध्येच सरकारकडे दीड हजारावर फार्म आणि सुमारे ४ लाख ६६ हजार कुत्र्यांची नोंद झाली. हा आकडा पाहिला की उत्साही माणसाला वाटतं, आपणही एखादी शेड घ्यावी आणि कामाला लागावं. जरूर लागावं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: कुत्रे सोडवून आणण्यात अशी केंद्रं सहसा कमी पडत नाहीत. ती बुडतात ती आणलेल्यांचा हिशेब न केल्यामुळे आणि पहिल्या पंधरवड्यातल्या गफलतींमुळे.

जागा मोजली, हात मोजले नाहीत

"अजून दहा मावतील" हे वाक्य या क्षेत्रात सगळ्यात महाग पडतं. पिंजरे किती आहेत यावरून क्षमता ठरत नाही. शेल्टरच्या कामात रूढ असलेला अंदाज असा की एका कुत्र्याच्या नुसत्या साफसफाईला आणि खाण्याला रोज १५ मिनिटं लागतात. म्हणजे ४० कुत्र्यांना १० तास. त्यात औषधं नाहीत, फिरवणं नाही, फोन नाहीत, दत्तक घ्यायला आलेल्यांशी बोलणं नाही. दुसरा हिशेब मुक्कामाचा. रोज सरासरी दोन कुत्रे येत असतील आणि प्रत्येक जण ४५ दिवस राहत असेल, तर तुमच्याकडे कायम ९० कुत्रे असणार. मुक्काम ९० दिवसांवर गेला की १८०. मांसाच्या फार्मवरचे कुत्रे बुजरे असतात, त्यांना आजारही असतात, त्यामुळे मुक्काम लांबतोच. तेव्हा आत किती घ्यायचे हे बाहेर किती जातात यावरून ठरवा.

हे न पाळल्याचं काय होतं ते कोरियानेच पाहिलं. 'केअर' ही तिथली नावाजलेली संस्था. फार्मवरून मोठ्या संख्येने कुत्रे सोडवायचे, टीव्हीवर दिसायचं, देणग्या यायच्या. जानेवारी २०१९ मध्ये आतल्याच एका कर्मचाऱ्याने उघड केलं की जागा नाही म्हणून सोडवलेले दोनशेहून अधिक कुत्रे काही वर्षांत गुपचूप मारले गेले. पुढे २०२३ मध्ये संस्थेच्या माजी प्रमुखांना सोलच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्या मंडळींना कुत्र्यांविषयी कळवळा नव्हता असं मला वाटत नाही. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

ताबा कुणाचा, हे न लिहिता कुत्रा उचलणं

एप्रिल २०११ मध्ये बीजिंगजवळ टोंगझोऊला महामार्गावर कार्यकर्त्यांनी एक ट्रक अडवला. आत सुमारे पाचशे कुत्रे. बरेच तास घासाघीस झाली आणि शेवटी व्यापाऱ्याला सुमारे १ लाख १५ हजार युआन मोजून माल सोडवला. कुत्रे सुटले, पण त्यांत पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणू-आजारांनी धुमाकूळ घातला आणि कित्येक दगावले. आणि व्यापाऱ्याच्या खिशात नव्या खेपेचं भांडवल गेलं. रोख देऊन कुत्रा सोडवू नये, असं मी ठामपणे म्हणेन. पैसे द्यायचेच असतील तर ते धंदा कायमचा बंद करण्याच्या बोलीवर: लेखी करार, पिंजरे तोडणं, जागेवर पुन्हा कुत्रे न पाळण्याची अट. कोरियात ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल या प्राणीसंस्थेने २०१५ पासून याच पद्धतीने फार्म बंद करवले आणि काही मालकांना मिरची, ब्लूबेरी अशा शेतीकडे वळवलं.

कोरियात प्राणी अजूनही मालकाची मालमत्ता आहे. मालकी सोडल्याची सही नसेल तर छळातून सोडवलेल्या कुत्र्यावरही मालक पुन्हा हक्क सांगू शकतो, उलट तुमच्यावरच चोरीची तक्रार येऊ शकते. आपल्याकडे नागालँडमध्ये गोष्ट वेगळी, पण अडचण तीच. तिथल्या सरकारने जुलै २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या व्यापारावर घातलेली बंदी जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने रद्द केली. त्यामुळे पोती बांधून नेलेले कुत्रे पकडले जातात ते प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा, १९६० आणि वाहतुकीच्या नियमांखाली. असे कुत्रे खटला चालू असेपर्यंत मुद्देमाल असतात. पंचनामा, प्रत्येक कुत्र्याचा फोटो, ताब्याचा आदेश, सगळं फायलीत हवं. न्यायालयाच्या परवानगीआधी त्यातला एक जरी दत्तक दिलात तर अडकाल तुम्हीच.

"आधी जरा सावरू दे, मग लस देऊ"

ही चूक सद्भावनेने होते आणि सगळ्यात जास्त जीव घेते. घरच्या कुत्र्याला ताप असेल तर डॉक्टर लस पुढे ढकलतात, ते बरोबर. केंद्रात तसं चालत नाही. ट्रकमधून उतरवल्याबरोबर, पिंजऱ्यात ठेवण्याआधी, डिस्टेंपर-पार्वोची जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूची) लस टोचायची. अशक्त असो, जखमी असो, बहुतेक वेळा गाभण असो, तरीही. पिल्लांना चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, साधारण वीस आठवड्यांची होईपर्यंत. उशीर झालेला प्रत्येक तास विषाणूला मिळतो.

डिस्टेंपर ओळखण्यातही गल्लत होते. डोळ्यांत घट्ट पिवळी चिपडं, वाहतं नाक, खोकला. सगळे म्हणतात, साधा केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा नेहमीचा खोकला आहे. दोन आठवड्यांनी तोच कुत्रा च्युइंगगम चघळावं तसा जबडा हलवत फेस काढू लागतो, पंजांच्या गाद्या टणक होतात, आणि तोवर त्याने शेजारच्या ओळीला प्रसाद दिलेला असतो. पाच-सहा कुत्र्यांना एकदम सर्दी झाली की प्रतिजैविकं वाटत बसू नका. दोन-तीन जणांचे नमुने पीसीआरला पाठवा.

कोरियन कुत्र्यांच्या बाबतीत एच३एन२ हा कुत्र्यांचा फ्लूही लक्षात ठेवावा लागतो. २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली, ती आशियातल्या जातीच्या विषाणूची. बरा दिसणारा कुत्राही तीनेक आठवडे विषाणू सोडत राहू शकतो. म्हणून विलगीकरण किमान २१ दिवस, जमलं तर २८. आणि गट पक्का: एका दिवशी आलेले एकत्र, मध्येच कुणाची भर नाही. भर घातली की मोजणी पहिल्यापासून.

दूधभात

हाडांचा सापळा झालेला कुत्रा समोर आला की आपला हात आपोआप वाडग्याकडे जातो. पोटभर दूधभात, वर दोन अंडी. कुत्रा अधाशासारखा खातो, सगळ्यांचे डोळे पाणावतात. तिसऱ्या दिवशी तो झोकांड्या खातो, धाप लागते, झटके येतात, आणि मरतो. विषबाधा झाली असं समजून लोक धान्याचं पोतं फेकून देतात. खरं कारण असं की बरेच दिवस उपाशी शरीराला अचानक पिष्ट मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदय आणि स्नायू कोलमडतात.

उपाय गणिताचा आहे. कुत्र्याचं आजचं वजन किलोत घ्या, ३० ने गुणा, ७० मिळवा. २० किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत लागणारे कॅलरी झाले ६७०. पहिले दोन-तीन दिवस याच्या फक्त पाव हिस्सा, म्हणजे सुमारे १७०, आणि तेही दर सहा तासांनी चार वाट्यांत. मग अर्धा, मग पाऊण. पूर्णावर यायला आठ-दहा दिवस लागू द्या. भातापेक्षा स्निग्ध आणि प्रथिनं जास्त असलेलं पिल्लांचं खाद्य चांगलं. शक्य असेल तिथे रक्तातलं फॉस्फरस तपासा. अर्थात हे सगळं खरोखर उपाशी कुत्र्यांसाठी. फार्मवरचे पुष्कळ कुत्रे विक्रीसाठी खाऊ घातलेले, अंगाने भरलेले असतात. त्यांना अशी उपासमार नको. नऊ अंकांच्या शरीरस्थितीच्या मापावर (१ म्हणजे नुसती हाडं) १ किंवा २ असेल तर हा नियम.

याची दुसरी बाजू म्हणजे न खाणारा कुत्रा. फार्मवर हॉटेलांचं खरकटं पातळ करून ओततात, पाणी बऱ्याचदा वेगळं मिळतच नाही. अशा कुत्र्यापुढे कोरडे दाणे ठेवले तर ते अन्न आहे हे त्याला कळत नाही. भूक मेली म्हणून सलाइन लावण्याआधी दाणे कोमट पाण्यात कालवून पेजेसारखे करून पाहा, आणि ठेवून तिथून निघून जा. माणूस उभा असेपर्यंत तो खाणार नाही.

फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छ झालं

पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनेल किंवा नेहमीच्या फरशी-क्लीनरला दाद देत नाही. ब्लीच चालतं, पण विष्ठेवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. घाणीला लागलं की त्याची ताकद संपते. आधी घाण काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, निथळू द्या, मग एक भाग ताजं ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीच्या अंगणाला हे काहीच लागू पडत नाही, म्हणून पिल्लांना मातीत सोडूच नका. आणि कुत्रा आत असताना पाइपने पिंजरा धुणं बंद करा. क्रम कायम एकच: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठे, शेवटी आजारी. दुपारी "जरा मदत कर" म्हणून आजारी वॉर्डातला पोरगा पिल्लांकडे गेला की सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

हार्टवर्म, म्हणजे डासांतून येणारा हृदयातला जंत, याबद्दल थोडक्यात. उघड्यावर वाढलेल्या कुत्र्यांत तो फार सापडतो. लागण झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. एकदाच तपासून प्रमाणपत्र देऊ नका. उपचारात डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा महिना, मग जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनची तीन इंजेक्शनं, आणि त्या काळात पळणं-उड्या मारणं पूर्ण बंद. मुक्कामाच्या हिशेबात हे महिने आधीच धरा.

नर-मादी पहिल्याच दिवशी वेगळे. नाही केलेत तर ६३ दिवसांनी कळेलच.

निसटलेला कुत्रा

जन्मभर जाळीवर उभा राहिलेला कुत्रा सपाट फरशीवर पाय टाकायला घाबरतो. पंजे फाकलेले, नखं वळून गाद्यांत रुतलेली. दारातून ओढाल तर तो जमिनीला चिकटतो, मुततो, आणि पुढच्या क्षणी गळपट्ट्यातून डोकं मागे काढून पसार होतो. गळ्यात पट्टा कसा असतो हेच त्याला ठाऊक नसतं. साधा पट्टा वापरू नका. ओढला की आवळणारा मार्टिंगेल आणि सोबत छातीभोवतीचा हार्नेस, दोन वेगळ्या दोऱ्या, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. केंद्राला दुहेरी दार हवं: एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. निसटलाच तर मागे धावू नका, नावाने हाका मारू नका, गावभर माणसं सोडू नका. ज्या जागेहून गेला तिथे त्याच्या पिंजऱ्यातलं अंथरूण आणि खाणं ठेवा, कॅमेरा लावा, मग सापळा. बुजरा कुत्रा बहुधा रात्री फिरून येतो.

पहिल्याच दिवशी आंघोळ, केस कापणं आणि वार्ताहरांना बोलावणं, हे तिन्ही टाळा. पिंजऱ्यात एक आडवं खोकं ठेवा, ज्यात त्याला दिसेनासं होता येईल. तिसऱ्या दिवशी दात दाखवले म्हणून कार्डावर "आक्रमक" लिहू नका. तो शिक्का पुढे कुणी पुसत नाही.

घर शोधताना

सोलच्या फ्लॅटमध्ये लहान कुत्रे खपतात, फार्मवरून येतात मोठे: टोसा या जपानी जातीचे संकर, जिंदो या कोरियन जातीचे संकर. काळ्या कुत्र्यांना तर आणखी वेळ लागतो. राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी २०१७ मध्ये तोरी नावाचा काळा कुत्रा दत्तक घेतला, तेव्हा या पूर्वग्रहाची तिथे बरीच चर्चा झाली. म्हणून पुष्कळ कुत्रे अमेरिका-कॅनडाला जातात, आणि टोरोंटो-व्हँकुव्हरकडे राहणाऱ्या मराठी घरांतही असा एखादा कोरियन पाहुणा भेटू शकतो. सोलजवळच्या इंचॉन विमानतळावरून उत्तर अमेरिकेला जाणारे प्रवासी आपल्या तिकिटावर कुत्रा सोबत नेतात. तुम्ही त्या मार्गाने जाणार असाल तर केंद्राला विचारा.

कागदांत दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, रेबीजची लस आधी आणि मायक्रोचिप नंतर. ती लस मग अनेक देश धरतच नाहीत. ब्रिटन-युरोपला जाणाऱ्या कुत्र्याची लशीनंतर किमान ३० दिवसांनी प्रतिपिंडांची चाचणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणं, हे सगळं त्या एका चुकीने पुन्हा सुरू. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालची पिल्लं घेणंच बंद केलं आहे. दोन, जात. जपानी टोसा ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने बंद आहे आणि कोरियातही धोकादायक जातींच्या यादीत आहे; बाहेर नेताना तोंडाला जाळी सक्तीची. टोसासारखा दिसणारा कुत्रा आला की कुठल्या देशात पाठवायचा नाही हे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा, आणि जाळीची सवय खाण्याच्या आमिषाने तेव्हापासूनच लावायला घ्या. विमानाच्या आदल्या दिवशी ती लागत नाही.