जेट स्कीचा एक्झॉस्ट परत बसवताय? गॅस्केट आणि सीलंटच्या या चुका टाळा

मोटारीच्या एक्झॉस्टचं गॅस्केट (दोन भागांच्या जोडातली गळती रोखणारं पातळ अस्तर) गळलं तर बहुतेक वेळा आवाज वाढतो, धूर निसटतो. जेट स्कीत प्रकरण गंभीर असतं. एक्झॉस्ट थंड ठेवणारं पाणी त्याच्याच भोवतालच्या पोकळीतून खेळत असतं, म्हणून मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर गॅस्केटला धूर आणि पाणी दोन्ही अडवावं लागतं. ते फसलं तर पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं, आणि पाणी, त्यातही खारं, आत राहिलं की बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भरमसाट सीलंट (जोडातली फट बुजवणारी पेस्ट). बोल्ट आवळले की जादा सीलंट दोन्ही बाजूंना दाबून निघतं. बाहेरचं पुसता येतं, आतलं दिसतही नाही. त्याचा वाळलेला तुकडा पाण्याच्या वाटेत अडकला की पुढचा भाग तापतो, रबरी होज जळतो आणि आपण विनाकारण पंप तपासत बसतो. म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअल उघडा. धातूचं गॅस्केट बऱ्याचदा कोरडंच बसवायचं असतं. सीलंट सांगितलंच असेल तर उष्णता सोसणारं घ्या, पातळ थर द्या आणि भोकांच्या कडा मोकळ्या सोडा. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन इथे टिकत नाही.

जुनं गॅस्केट चांगलं दिसलं तरी परत वापरू नका. एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा तसं बसत नाही.

साफसफाईत घाई नको. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळे प्लास्टिकचा स्क्रेपर वापरा. पॉलिश पेपरची चकती फिरवली तर तिची भुकटी इंजिनात जाते. पोर्टमध्ये (इंजिनातल्या धूर बाहेर पडायच्या भोकात) स्वच्छ फडकं कोंबा (आणि आठवणीने काढा!). शेवटी पृष्ठभागावरून नख फिरवा. नख जिथे अडकेल तिथून पुढे गळणार. मग सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. फ्लँज (जोडाची बोल्ट लागणारी सपाट कड) वाकला असेल तर सीलंट ते झाकणार नाही, तो सपाट करून घ्यावाच लागेल.

बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. सीलंट वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. बऱ्याच सिलिकॉनना पूर्ण वाळायला 24 तास लागतात.

होजने पाणी देऊन तपासताना क्रम चुकवू नका: आधी इंजिन सुरू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी चालू राहिलं तर ते एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि दोष बिचाऱ्या नव्या गॅस्केटवर येतो.

सीट लावल्यावर इंजिन दम तोडतं आणि सीट काढली की नीट चालतं? मग धूर आत गळतोय आणि इंजिन तोच ओढतंय, असा संशय घ्या. ही तपासणी उघड्यावरच करा, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. जोडाजवळ काळी काजळी किंवा मिठाची पांढरी रेघ दिसली तर गळती तिथेच आहे. स्पार्क प्लगवर पाण्याचे थेंब दिसले तर प्लग परत लावून स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन बंद करून आधी पाणी काढा, मग जोड पुन्हा उघडा.