रजा संपवून कामावर परतणाऱ्या आईची सोय

दूध पाजणाऱ्या आईला भूक अवेळी आणि कडकडून लागते. म्हणून कामावर रुजू होण्याआधी, बाळाच्या पिशवीइतक्याच काळजीने, स्वतःच्या खाण्याची तजवीज करावी. डिंकाचे किंवा अळिवाचे दोन लाडू आदल्या रात्रीच लहान डब्यात भरून पर्समध्ये ठेवावेत, म्हणजे सकाळच्या घाईत ते राहून जात नाहीत.

दूध काढून ठेवायचे असल्यास आपल्याकडच्या उन्हाचा विचार आधी करावा. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते सुमारे 4 तास टिकते; परंतु परभणी-नांदेडकडे वैशाखात पारा 40 च्या वर जात असल्याने त्यावर विसंबू नये आणि दूध काढताच, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवावे. बसने ये-जा करणाऱ्यांनी बर्फ भरलेला रुंद तोंडाचा थर्मास सोबत न्यावा. मातृत्व लाभाचा कायदा लागू असलेल्या आस्थापनेत मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटी मिळते. ती संकोच न करता, लेखी अर्ज देऊन मागावी.

घरी आल्यावर लगेच चुलीकडे वळू नये. माठातले गार पाणी प्यावे, हातपाय धुवावेत, आणि आजीच्या जुन्या लुगड्यांच्या मऊ, धुऊन धुऊन विटलेल्या वाकळेवर बाळाला मांडीवर घेऊन निवांत टेकावे. तोवर भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी. रात्रीची एक जाग बाळाच्या वडिलांनी सांभाळावी. सलग चार तासांची झोप हा माझ्या मते सर्वांत मोठा दिलासा आहे.